लायसनमधलं कुटुंब

पिशवीतून वरवंटा काढून तिनं तो सरळ कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर घातला. डावा हात प्लास्टरमध्ये होता, तरी घाव नेमका बसला. काचा टेबलभर उडाल्या. इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देणारा सल्लागार खुर्चीसकट मागे सरकला.

"सिस्टर! अहो, वेड लागलं का तुम्हाला?"

सरकारी दवाखान्यातल्या त्या नर्सनं वरवंटा टेबलावर ठेवला आणि मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला. "वाचा. मोठ्यानं वाचा."

"आपले पती श्री. गजानन हुपरीकर यांनी आपले विवरणपत्र..." स्वतःचंच नाव वाचताना तो अडखळला.

"हा मेसेज आधी माझ्या नवऱ्यानं वाचला. मी तोंड उघडायच्या आत हात मोडला, केसाला धरून जिन्यावरून ढकललं. मी तुमची बायको कधी झाले?"

"सॉफ्टवेअर स्वस्तातलं आहे हो, घरगुती लायसनचं. फक्त कुटुंबातल्यांचेच रिटर्न भरता येतात, म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांना नातेवाईक करतो. तुम्हाला आधी बहीणच केलं होतं, आईशप्पथ!" सवयीनं त्याचा हात माउसवर गेला. "पण सॉफ्टवेअरनं घेतलंच नाही. नियमच आहे तसा. लग्न झालेली बहीण कुटुंबात धरत नाहीत."

तिनं मोबाइल पिशवीत टाकला.

"काल मार खाऊन माहेरी गेले, तेव्हा सख्ख्या भावानंही दारातूनच हेच सांगितलं," ती म्हणाली, आणि वरवंटा उचलून माउसवरच्या त्या हातावर घातला.