पाठकोरे

दोनशे एकोणचाळीस जणांनी ‘नाही’ लिहिलं होतं. मावशींनी लिहिलं, ‘हो’.

कारखान्याच्या ऑफिसातल्या नियमकाकांनी चष्मा काढला, डोळे चोळले, चष्मा पुन्हा लावला. ‘हो’ तिथेच होतं, चांगल्या वळणदार अक्षरात.

दवाखान्यांच्या लोखंडी खाटा बनवणारा हा कारखाना एकाच गिऱ्हाइकावर जगत होता, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे सरकार. नवा कायदा आला तसं खात्याने परिपत्रक धाडलं, तीन प्रतींत. कंत्राटदाराने किंवा त्याच्याशी संबंधित व्यक्तीने निवडणुकीतल्या उमेदवाराला देणगी दिली असेल, तर कंत्राट बंद. मालक म्हणाले, “काका, तुम्हीच बघा काय ते. मला फक्त खाटा कळतात.” झालं, घोंगडं काकांच्या गळ्यात. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि अंगात त्राण त्याहून कमी.

काकांनी परिपत्रकाची एक प्रत फाइलला लावली, दोन जादा प्रती ट्रेमध्ये टाकल्या आणि फॉर्म तयार केला. ‘आपण देणगी दिली आहे काय?’ मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांकडून तो भरून घेतला.

फॉर्म अर्थातच पाठकोऱ्या कागदांवर छापला. नवा कोरा कागद वापरणं काकांच्या लेखी पाप होतं. एका बाजूने वापरलेला कागद ट्रेमध्ये जायचा आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा छापला जायचा. त्यामुळे या ऑफिसात प्रत्येक कागदामागे काहीतरी जुनं खरकटं असायचंच. कागद उलटून बघायची सवय कुणालाच उरली नव्हती.

स्कूटरवर उमेदवाराचा हसरा फोटो चिकटवून फिरणाऱ्या फोरमननेही बिनदिक्कत ‘नाही’ लिहिलं होतं. काकांनी डोळेझाक केली. लिहून दिलंय ना, मग संपलं.

पण हे ‘हो’ कसं झाकायचं? त्यांनी मावशींना बोलावलं. एकोणीस वर्षं ऑफिस झाडणारी ही बाई त्यांच्याहून लहानच होती, पण सगळा कारखाना मावशी म्हणतो म्हणून तेही म्हणत.

“कुणाला दिलीत देणगी?”

“लेकीच्या शाळेतल्या बाईंना. उभ्या होत्या ना त्या. मागं लेक दहावीला बसणार नाही म्हणून सगळ्यांनी हात टेकले, तेव्हा बाईंनी वर्षभर घरी नेऊन शिकवलं. फुकट.”

“पडल्या ना त्या?”

“सपशेल.”

काकांनी कोरा फॉर्म पुढे सरकवला. “यावर ‘नाही’ लिहा. मी काही बघितलं नाही.”

“माझ्या नावाची पावती फाडलीय, भाऊ. उद्या कुणी काढली तर? आणि तुम्हीच म्हणता ना, नियम म्हणजे नियम.”

काकांचेच दात काकांच्याच घशात.

“मावशी, तुमच्या एका कागदापायी बाकीच्यांच्या चुली विझतील.”

मावशींनी हातातल्या फडक्याची घडी घातली. घरात मिळवत्या त्या एकट्याच, हे काकांना ठाऊक होतं.

“मी गेले तर कंत्राट राहील?”

“राहील.”

“मग द्या कागद.”

राजीनाम्याचा मजकूर काकांनीच सांगितला. सांगताना त्यांना स्वतःची लाज वाटली. पण नोकरीत लाज वाटून घ्यायचं वय केव्हाच सरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः खात्यात गेले. दोनशे चाळीस फॉर्म, वर मावशींचा राजीनामा, त्यावर टाचलेली चिठ्ठी: ‘देणगी दिल्याचे आढळल्याने कामावरून कमी केले.’ बारकाईने काम केल्याचं तेवढंच समाधान. कारकुनाने पोचशिक्का मारला. पाय ओढत काका परतले.

दुपारी मावशी आपलं सामान आवरत होत्या. चपला, डबा, एक जुना स्वेटर.

“ट्रेमधले चार कागद नेऊ का? नातीला गणितं करायला लागतात.”

“चार कशाला, सगळा गठ्ठा न्या.”

मावशींनी खुर्चीवर टेकून एकेक कागद निवडला. निघताना त्यातला एक त्यांनी काकांच्या टेबलावर ठेवला.

“हा नको. पाठकोरा नाहीये. मागंही छापलंय.”

“ठेवा तिथं. सांभाळून जा, मावशी.”

त्या गेल्या. काकांनी रद्दीत टाकण्यासाठी कागद उचलला. परिपत्रकाची जादा प्रत होती. त्यांनी ती उलटली.

‘७. संबंधित व्यक्ती म्हणजे केवळ मालक, भागीदार व संचालक. जो कंत्राटदार आपल्या कामगाराला देणगीबाबत लेखी विचारणा करील, किंवा त्या कारणावरून त्याला कामावरून कमी करील, त्याचे कंत्राट त्याच दिवशी रद्द समजावे.’