घरात आणखी कुणाला?

नूतनच्या अक्षरातलं ते पत्र सुकदेव गुरुजींनी आठ महिने शब्दकोशात दडवून ठेवलं होतं. अमळनेरहून धाकट्या भावानं, गणपतनं, सांगितलेलं आणि त्याच्या आजारी मुलीनं स्वतःच लिहून घेतलेलं. बापाचे शब्द तिनं जसेच्या तसे ठेवले होते. ‘नूतननं दुखनं हटत नही. टीबीन्या गोळ्या चालू शेतस. डाक्टर इचारस, घरमा आखो कोणले शे का? दादा, तुले बी तरुणपणमा असाच तरास व्हता ना?’ खाली कोपऱ्यात तिनं आपली एक ओळ घातली होती : ‘काका, लवकर कळवा.’

कळवायचं ते एका शब्दात मावत होतं. गुरुजींनी चार वेळा मायना लिहिला आणि चारही कागद फाडले. दिवसातून दहादा संडासला जावं लागतं, रक्त पडतं, हे पोरीला कसं लिहायचं? बायकोशिवाय कुणाला ते माहीत नव्हतं, आणि तीही आता नव्हती. शिवाय आपलं दुखणं तेच कशावरून? आपल्याला त्यातलं काय कळतं?

आज पांडेसऱ्यातल्या राहत्या घरून ते सकाळीच एक्स-रे सेंटरला आले होते. पांढरं, खडूच्या पाण्यासारखं बेरियम दोन ग्लास पोटात गेलं होतं. दर अर्ध्या तासानं आत बोलावून पोटाची प्लेट काढत होते. मध्ये बाकावर बसून गुरुजी रुमालानं पुन्हा पुन्हा ओठ पुसत होते.

पाचव्या प्लेटनंतर डॉक्टरीणबाईंनी त्यांना उजेडाच्या पेटीपाशी नेलं.

‘काका, ये देखो. बेरियम यहाँ धागे जैसा हो गया है, इतनी सिकुड़ गई है आँत. और ये जो बारीक लकीर है ना, ये दूसरी आँत में जा रही है. रास्ता बन गया है. कितने साल से है?’

‘तीस.’

‘तीस साल किसी को बताया नहीं?’ त्यांनी फॉर्म उलटला. ‘घर में और किसी को?’

गुरुजींची मान सवयीनं नाही म्हणाली. मग हात खिशात गेला. गेल्या आठवड्यात आलेलं कार्ड बाहेर आलं. ते नूतनच्या अक्षरात नव्हतं, कुण्या शेजाऱ्यानं लिहिलं होतं. नूतनचं आतडं फुटलं. धुळ्याला ऑपरेशन झालं. अजून डोळे उघडत नाही.

‘भावाच्या मुलीला,’ ते म्हणाले.

‘दवा कौनसी चल रही थी?’

‘टीबीची.’

‘ये टीबी जैसा दिखता है, पर टीबी नहीं है. खानदान में चलता है,’ बाई म्हणाल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, ‘उनके डॉक्टर ने पूछा नहीं था, घर में किसी को है क्या?’

‘विचारलं होतं. मला विचारलं होतं.’

पेटीचा दिवा बाईंनी बंद केला नाही. एक प्लेट काढून स्वतःच मोठ्या पाकिटात घातली. ‘ये आज ही भेजो. रिपोर्ट की झेरॉक्स भी. आगे की दवा इसी से तय होगी.’

बाकावर बसून गुरुजींनी पत्र लिहिलं. मायन्यात गणपत नव्हता. ‘चि. नूतन, हो. मलाही आहे.’ पुढे काही सुचलं नाही. तेवढंच प्लेटबरोबर ठेवलं.

पोस्टात रजिस्टरच्या खिडकीपुढे रांग होती. गुजराती कारकुनानं ते मोठं पाकीट हातात तोललं.

‘काका, अंदर शुं छे?’

मागची माणसं ऐकत होती. गुरुजींच्या ओठांच्या कडेला पांढरा ओघळ वाळला होता. रुमाल खिशातच राहिला.

‘माझ्या आतड्यांचा फोटो,’ वर्गातल्या शेवटच्या बाकाला ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात ते म्हणाले.

मागे कुणीतरी हसलं. कारकून हसला नाही. त्यानं धुळ्याच्या दवाखान्याचा पत्ता वाचला, वॉर्ड नंबर वाचला.

‘अर्जंट छे?’

‘होतं. आठ महिन्यांपूर्वी,’ गुरुजी म्हणाले.

कारकुनानं वर पाहिलं. मग शिक्का मारला.