सातवी स्लाइड

गुंतवणूकदारांनी एक छदामही दिला नाही. पण ते आपल्याला ठाऊकच नाही असं समजून पुढे जाऊ, कारण बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी धाकट्या भावालाही ते ठाऊक नव्हतं आणि तो खुशाल शीळ घालत होता.

ताईने तीन वर्षं खपून कपड्यांच्या घड्या घालणारं यंत्र बनवलं होतं. जगात एकच नग. धाकट्याने सीईओ होऊन व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली होती. तीही दोन रंगांत.

ती वर्कशॉपमध्ये आली, तर यंत्राच्या जागी पांढरी चादर होती आणि तिच्यावर मोजकेच सुटे भाग नवरीच्या दागिन्यांसारखे मांडलेले होते.

"हे काय?"

"सातव्या स्लाइडसाठी फोटो काढला. आतली करामत दिसली की गुंतवणूकदारांचा विश्वास बसतो."

"बाकीचे भाग कुठायत?"

"फोटोग्राफर म्हणाला, फार गर्दी होतेय. मग भंगारवाल्याला देऊन टाकले. गेलाही तो."

"मोटर?"

"ती तर सगळ्यात कुरूप होती गं."

"उद्या त्यांना यंत्र चालवून दाखवायचंय, शहाण्या."

"ताई, लोक यंत्रात पैसे घालत नाहीत, स्लाइडमध्ये घालतात. तू पडलीस इंजिनिअर, तुला नाही कळायचं."

तरी थोरल्या बहिणीचा मान राखावा म्हणून त्याने लॅपटॉप उघडला आणि शेवटी एक स्लाइड वाढवली: 'मान्यवर गुंतवणूकदारांनी गुंतवणुकीपूर्वी यंत्र पाहण्याचा आग्रह धरू नये, व गुंतवणुकीनंतर तर मुळीच धरू नये, ही नम्र विनंती.'