सातचा मिस्ड कॉल

सात वाजून वीस मिनिटं झाली तरी आईचा मिस्ड कॉल आला नव्हता.

धम्मशीला परभणीत भाड्याच्या खोलीत राहायची आणि आई, गीताबाई, सोनपेठला एकटी. रोज सकाळी सातला आईची एक रिंग यायची आणि फोन कट व्हायचा. उचलायचा नाही, बोलायचं नाही. आता बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत हे तिनं आईला दहादा सांगून पाहिलं होतं. पण गीताबाईंचं म्हणणं, रोज उठून बोलायचं तरी काय? एक रिंग म्हणजे ‘मी हाय’. बस.

आज ती रिंग नव्हती. धम्मशीलानं तीनदा फोन लावला, कोणी उचलला नाही. मग शेजारच्या मनकर्णाकाकूंना लावला. काकूंचा उलटा फोन येईपर्यंतची दहा मिनिटं कशी गेली ते तिचं तिलाच माहीत.

“आई हाय बरी,” काकू धापा टाकत म्हणाल्या. “न्हाणीत पाय घसरला. घोटा सुजलाय, बाकी काई न्हाई. घे, बोल.”

धम्मशीलाचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तिला रागही आला. “माय, फोन तर करायचा ना मला!”

“पडल्यावर कुठून करू? फोन तिकडं फळीवर, मी इकडं न्हाणीत.” गीताबाई कण्हत कण्हतच हसल्या. “म्हनून तर बरी असले की करते.”

काकू आईला डॉक्टरकडे नेणार होत्या. संध्याकाळच्या एसटीनं येते असं सांगून धम्मशीला कामावर निघाली. डोळ्यांच्या एका दवाखान्यातले कॉम्प्युटर ती सांभाळायची. आईचं वाक्य डोक्यात घोळत होतं. दवाखान्याच्या पायऱ्या चढता चढता ती थबकली.

आज अकरा वाजता मुख्य मशीनला फॉरमॅट मारायला माणूस येणार होता. मशीन पार पुसून नव्यानं मांडायचं. त्यातले आठ हजार पेशंटांचे रिपोर्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर सुरक्षित आहेत, असा शब्द तिनंच डॉक्टर राजनंदिनी मॅडमना दिला होता. बारा दिवसांपूर्वी तिनं मुख्य मशीनवर एक स्क्रिप्ट लावली होती. रोज दुपारी दीडला, सगळे जेवायला गेलेले असताना, ती आपोआप बॅकअप घेणार. काही बिघडलं तर धम्मशीलाच्या फोनवर निरोप पाठवणार. बारा दिवसांत एकही निरोप नव्हता, म्हणजे सगळं ठीक चाललं होतं.

पडल्यावर कुठून करू?

तिनं पर्स खुर्चीवर टाकली आणि दुसरा कॉम्प्युटर उघडला. तिथं एकच बॅकअप होता, पहिल्या दिवशी तिनं स्वतः हातानं घेतलेला. पुढं काहीच नाही. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. गेले बारा दिवस या दवाखान्याच्या गाई देवच राखत होता.

शिपाई सूर्यभानमामा फरशी पुसत होते.

“मामा, दुपारी दीडला हे मशीन कसं असतं?”

“कसं म्हंजी? बंद असतंय. मेन बटन पाडूनच जेवायला बसतो मी. मानूस न्हाई का कोन न्हाई, उगं लाईट कशाला जाळायची?”

अख्ख्या दवाखान्यात हे फक्त तिलाच माहीत नव्हतं. ती दीडला खोलीवर जेवायला जायची. निरोप पाठवणारी स्क्रिप्ट त्या बंद मशीनमध्येच होती.

अकराचा माणूस आला, त्याला तिनं बाहेर बसवलं आणि मॅडमसमोर जाऊन सगळं खरं सांगितलं. दिलेला शब्द मागं घेताना लाजेनं तिचे कान तापले होते.

“म्हणजे बारा दिवसांचे रिपोर्ट गेले असते?” मॅडमनी विचारलं.

“हो मॅडम. माझ्या भरवशावर गेले असते. आता हातानं बॅकअप घेते, उघडून बघते आणि मगच फॉरमॅट मारू देते. यापुढं बॅकअप झाला की निरोप येईल. रोज.”

“रोज? कटकट नाही व्हायची?”

“होऊ द्या. ज्या दिवशी होणार नाही, त्या दिवशी कळेल.”

“मग माझ्याही फोनवर येऊ दे,” मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

चार वाजेपर्यंत मशीन पुसून, नव्यानं मांडून झालं. स्क्रिप्ट परत लावताना तिनं सूर्यभानमामांना बोलावून वेळ विचारली.

“दीडच ऱ्हाऊ द्या,” मामा म्हणाले. “मी चालू ठेवतो की. आधी सांगितलं असतं तर तवाच ठेवलं असतं.” मग जरा विचार करून म्हणाले, “पर मी सुट्टीवर असलो तर?”

“तर निरोप येणार नाही, मामा. मग मी पळत येते.”

निरोपात काय लिहायचं? तिनं आधी ‘बॅकअप यशस्वी’ असं टाइप केलं. मग ते खोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, सोनपेठच्या घरात, धम्मशीलाच्या उशालगतचा फोन एकदाच वाजून कट झाला. शेजारच्या बाजेवर, पाय उशीवर ठेवून पडलेल्या गीताबाई डोळे मिटून हसत होत्या. आता शेजारी लेक असली म्हणून काय झालं?

पहिल्या गाडीनं धम्मशीला परभणीला आली. दुपारी खोलीवर न जाता ती सूर्यभानमामांबरोबर व्हरांड्यात डबा घेऊन बसली, पण उघडला नाही. दीड वाजला. एक पस्तीसला फोन थरथरला.

“कोनाचा?” मामांनी विचारलं.

“मशीनचा.”

“काय म्हनायलंय?”

“‘मी हाय’ म्हणायलंय.”

मामांनी आपल्या डब्यातली भाकरी मोडली आणि अर्धी तिच्यापुढं केली.

“मग जेवा की आता.”