दुपट्याची ऑर्डर
कन्हेरीच्या जयवंताबाईंच्या गोधड्या बचत गटातल्या अंजलीनं ऑनलाइन विकायला ठेवल्या होत्या. एका दुपारी ती मोबाइल घेऊन आली. "काकी, बाळाच्या दुपट्याची ऑर्डर हाय. लिवलंय, चारी कोपऱ्यांना मोर काढा, एक बिनपिसाऱ्याचा." जयवंताबाईंची सुई थांबली. बिनपिसाऱ्याचा मोर त्यांनी एकदाच काढला होता, पाळण्यातल्या लेकीसाठी, राजेश्वरीसाठी, दोरा संपला म्हणून. पुढं राजेश्वरीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि वडलांनी, सर्जेरावांनी, तिला घर बंद केलं. त्याला सात वर्षं झाली. "विचार तिला, मुलगा का मुलगी?" त्या कशाबशा म्हणाल्या. लगेच उत्तर आलं, "मुलगी. सव्वा महिन्याची." ओसरीवरचे सर्जेराव उठून जवळ आले. "कुठल्या गावाला असती ती?" "आबा, ॲप गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता दाखवत न्हाय. नुसता ऑर्डरचा नंबर असतो." सर्जेरावांनी चष्मा पुसून तो नंबर दोनदा मोठ्यानं वाचला.