एक कडक

धातूने अखेर माणसाचे ऐकायला सुरुवात केली, ही मानवी संस्कृतीतली फार मोठी घटना होती. त्रास एवढाच, की तो सगळ्यांचेच ऐकायचा.

शिरोलीच्या वर्कशॉपमध्ये दस्तगीर लेथवर साखर कारखान्याचा शाफ्ट कातत होता. लेथच्या कापणाऱ्या नव्या टिपेत कार्बाइडचे कण धरून ठेवणारा कोबाल्ट तोंडी हुकमावर हलायचा. ‘कडक’ म्हटले की तो धारेपासून मागे सरायचा. धार कठीण व्हायची, पण ठिसूळही. ‘चिवट’ म्हटले की परत यायचा. धार लवकर झिजायची, पण धक्के सोसायची. शाफ्टला खाच होती, दर फेऱ्याला दणका बसत होता, म्हणून दस्तगीरने ‘चिवट’ सांगून ठेवले होते.

कारखान्याचे इंजिनिअर गलगले शेजारीच उभे होते. शाफ्ट एकुलता एक, आणि त्याच्याशिवाय उद्या गाळप सुरू होणार नव्हते.

तेवढ्यात वर्कशॉपचे मालक उलपे आत आले.

“अरे, पावणं असंच उभं? एक कडक सांगा!”

“मालक, तो शब्द—”

टिप फुटली. शाफ्टवर बोटभर खोल चर पडला.

“किती वेळा सांगितलं, इथं चहाला नुसतं चहा म्हणायचं!” दस्तगीर ओरडला.

“मी चहावाल्याला म्हणालो रे!”

“ह्या टिपेला काय कळतंय?”

“मग म्हण की ‘चिवट’!”

“कुणाला म्हणू? तुकडं झाल्यात तिचं!”

गलगल्यांनी चराकडे पाहिले आणि गाळप पुढे ढकलायला फोन लावला.

चहा आला. गलगले चहा घेत नसत.