खडूची बाही

ओठांत टाचण्या धरून बाबा रागवायचे, तेव्हा राग कमी आणि शिट्टीच जास्त ऐकू यायची. लहानपणी शिवणयंत्राच्या टकटकीवर तिला दुकानातल्या बाकावरच झोप लागायची. चिंध्यांच्या पोत्यात आता उंदरांनी घर केलं होतं.

बाबा गेल्यावर दुकानाचं शटर आज पहिल्यांदा उघडलं होतं.

"ताई, सरक की! दोन हात मारतो, दुकान चकाचक," धाकटा भाऊ केरसुणी उचलत म्हणाला.

"खबरदार झाडलंस तर! उंदरांच्या लेंड्यांतला विषाणू धुळीबरोबर उडतो आणि थेट छातीत जातो. आधी ब्लीचिंगचं पाणी फवारायचं, मग ओल्या फडक्याने पुसायचं."

"झालं! हिची प्रयोगशाळा इथेही आली. आणि याचं काय गं?"

कापायच्या टेबलावर, लेंड्यांच्या मधोमध, बाबांनी खडूने आखलेली एक बाही तशीच होती. खांद्याशी जरा सैल. तिच्या सगळ्या फ्रॉकना ते अशीच सैल बाही ठेवायचे. म्हणायचे, पोरीला हात उचलून भांडता आलं पाहिजे.

"एवढी राहू दे ना, ताई. नुसती फुंकर मारतो. धूळ जाईल, खडू राहील."

तो मास्क खाली ओढून वाकला. तिने त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचलं आणि टेबलभर पाणी फवारलं. बाही विरघळली, काठावरून पांढरी ओघळत खाली गेली.

शेवटचं आजारी पडण्याआधी बाबांनी हे दुकान एकट्याने झाडून काढलं होतं.